पहिल्या हाकेला ओ नाही

१० डिसेंबर १९७१, शुक्रवार. सकाळी मी खळ शिजवत होते.

लढाई सुरू होऊन आठवडा झाला होता. जबलपूरजवळ रांझीतल्या आमच्या क्वार्टरांच्या सगळ्या खिडक्यांना काळे कागद लावायचा हुकूम होता आणि मी ते पहिल्याच दिवशी लावले होते. पण त्या वर्षी धुकं फार. रात्रभर दमट हवेत मैद्याची खळ सैल व्हायची आणि सकाळी कागदाचे कोपरे जिभेसारखे लोंबत असायचे. आदल्या संध्याकाळी ब्लॅकआउट तपासणारा वॉर्डन दारात येऊन बजावून गेला होता की तुमच्या रानाकडच्या खिडकीतून उजेडाची रेघ दिसते. म्हणून मी घट्ट खळ करायला बसले, त्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद घालून. घट्ट खळीला जाड बुडाचं भांडं लागतं. घरात तसं एकच होतं, सासूबाईंचं पुरणाचं पितळी पातेलं. त्या पातेल्यात पुरणाशिवाय काही शिजत नसे. दूधसुद्धा नाही. लग्नात त्यांच्या आईने दिलेलं, अमरावतीहून त्यांच्याबरोबर आलेलं. पण सासूबाई शेजारच्या भाभीबरोबर आवळे आणायला रानात गेल्या होत्या, आणि त्या परत यायच्या आत पातेलं घासून फळीवर ठेवायचा माझा विचार होता. सोपं काम होतं.

खळ दाटायला लागली तेव्हा भाभी मागच्या दाराशी आली. तिच्या टोपलीत आवळे होते. तिने आत डोकावून विचारलं, "अम्माजी आ गईं ना?"

मी म्हटलं, तुझ्याच तर बरोबर होत्या.

भाभीचं म्हणणं असं की मोठ्या शिळांच्या वरच्या अंगाला दोघी होत्या. धुकं एकदम खाली आलं. ती हाका मारत राहिली, उत्तर नाही. तिला वाटलं, म्हातारी रागावून पुढे निघून गेली. सासूबाई रागावून पुढे निघून जाणाऱ्याच होत्या, त्यामुळे भाभीला दोष देता येत नव्हता. मी चुलीतली लाकडं बाहेर ओढली, पातेल्यावर ताट झाकलं आणि निघाले.

नवरा तोफगोळ्यांच्या कारखान्यात होता. लढाईच्या दिवसांत पाळी संपेपर्यंत कोणाला बाहेर सोडत नसत, आणि फाटकावर निरोप ठेवला तर तो पाळी संपल्यावरच मिळायचा. तेव्हा तिकडे जाण्यात वेळ घालवला नाही. आमच्या वस्तीच्या टोकाला वनखात्याचा नाका होता, तिथे गेले.

नाक्यावरचा रेंजर त्याच हिवाळ्यात बदलून आला होता. त्याआधी बरीच वर्षं तो कान्ह्याच्या नॅशनल पार्कात होता. वाट चुकलेले पाहुणे, मोह वेचताना अस्वलाने फाडलेली माणसं, वणवे, विहिरीत पडलेली जनावरं, हे त्याचं तिथलं रोजचं काम. अंगाने बारीक माणूस, आवाज हळू. मी सांगितलेलं त्याने मध्ये न बोलता ऐकलं आणि मग एकेक विचारत गेला. लुगडं कोणत्या रंगाचं? मातकट. ऐकू नीट येतं का? माझ्यापेक्षा चांगलं. कुठला पाय दुखरा? डावा. घाबरल्यावर काय करतात?

मी सांगितलं की त्या घाबरत नाहीत.

"वो मैंने नहीं पूछा," तो म्हणाला, आणि पुढचं उत्तर न घेताच उठला.

त्याची घाई मला कळत होती. आमच्या बाजूचं रान एका नाल्यापर्यंत. नाल्यापलीकडे तारेचं कुंपण, आणि कुंपणाच्या आत कारखान्याच्या तोफगोळ्यांची चाचणी व्हायची ती जागा. एरवी चाचणी आठवड्यातून कधीतरी. लढाईत रोज. जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला की लाल निशाण चढायचं आणि नाल्यापलीकडची टेकडी हादरायला लागायची. चाचणीआधी जळण वेचणाऱ्या बायका आणि गुरं हाकून बाहेर काढणं हे रेंजरच्याच माणसांचं काम होतं. आता तार कितीतरी ठिकाणी तुटलेली होती. आणि चांगले आवळे नाल्यापलीकडेच होते, कारण तिथे कोणी वेचत नसे. हे सासूबाईंना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं, आणि मी ते रेंजरला सांगितलं.

त्याने एका नाकेदाराला, म्हणजे वनखात्याच्या शिपायाला, सायकलवर चाचणीच्या चौकीकडे पाठवलं. नाकेदार आम्हाला रानाच्या तोंडाशी येऊन मिळाला. चौकीचं उत्तर सरळ होतं. माणूस आत आहे असं नक्की असेल तर थांबतो. नुसतं वाटतंय एवढ्यावर थांबता येणार नाही, आघाडीवरून माल मागतायत. मला ते उत्तर चुकीचं वाटलं नाही. तिथे बसलेल्या माणसाच्या जागी मी असते तर मीही तेच सांगितलं असतं.

म्हणजे आम्हाला भोंग्याच्या आत एकतर सासूबाई शोधायच्या होत्या, नाहीतर त्या पलीकडे आहेत हे नक्की करायचं होतं.

घरच्या माणसाला शोधाच्या ओळीत घेत नाहीत, असं रेंजर म्हणाला. घरचे ओरडतात, धावतात, खुणा तुडवतात. पण म्हातारं माणूस खाकी कपड्यातल्याला ओ देणार नाही, ते टोपली हिसकावून घेतील म्हणून लपून बसेल, हा त्याचा अनुभव. म्हणून मला बरोबर घेतलं. दोन अटी घातल्या. तो सांगेल तेव्हाच हाक मारायची. आणि हाक मारल्यावर पुढची शिट्टी वाजेपर्यंत कोणी हलायचं नाही, खोकायचं नाही, पाऊल उचललेलं असेल तर उचललेलंच ठेवायचं.

"बुलाना एक का काम है," तो म्हणाला. "सुनना सबका."

आम्ही ओळीने निघालो. डावीकडचा नाकेदार मला दिसत होता, त्याच्यापलीकडचा दिसत नव्हता. दिवस वर आला होता, पण धुक्यात सूर्य कुठे आहे ते कळत नव्हतं, सगळीकडून सारखाच पांढरा उजेड. सागाची पानं मोठाली आणि ओली, त्यांच्यावरून थेंब टपटपायचे. शिट्टी झाली की आम्ही थांबायचो. मी हाक मारायची, "आत्याबाई." मग सगळे ऐकत उभे राहायचे.

मी त्या रानात कितीदा गेले होते. कधी पोपट, कधी वानरं, कधी लाकूड फोडल्याचा आवाज, काहीतरी असायचंच. त्या दिवशी काहीही नव्हतं. पाचसहा माणसं उभी आहेत आणि त्यातल्या कोणाचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही, असं मी पहिल्यांदाच अनुभवलं. डावीकडच्या नाकेदाराने खाली बघून बोटाने मातीत काहीतरी दाखवलं. ओल्या वाटेवर पंजाचा ठसा होता, अजून पाणी न भरलेला. तेंदुआ, तो ओठांनीच म्हणाला. बिबट्या. रेंजरने मान हलवली आणि आम्हाला शिळांच्या बाजूने चालायला खुणावलं. त्याला त्याचं विशेष वाटलं नाही. तोंडावरून तरी.

जबलपूरच्या आसपास काळ्या शिळा जिकडेतिकडे आहेत, एकावर एक ठेवल्यासारख्या. त्या रानात त्यांचा एक मोठा ढीगच होता, क्वार्टरांपेक्षा उंच. दोनदा त्याच्याजवळून गेल्यावर आम्ही त्याच्या पायथ्याशी थांबलो. शिट्टी झाली. मी हाक मारली.

प्रतिध्वनी आला, शिळांवरून, लगेच. तो आधीही येत होता. मग शांतता.

आणि मग नाल्याच्या बाजूने हाक आली, "आत्याबाई."

आवाज माझा होता. हे मी आज सांगते तेव्हा लोक म्हणतात, दुसरा प्रतिध्वनी असेल, लांबच्या टेकडीवरून आलेला. असेल. मीही स्वतःला तेच सांगितलं. पण मी हाक मारते तेव्हा शेवटचं अक्षर ओढते, सगळेच ओढतात. या हाकेत ते ओढलेलं नव्हतं. कोणी जवळ बसलेल्या माणसाला बोलवावं तशी ती हाक होती.

उजवीकडचे दोन नाकेदार नाल्याकडे वळलेसुद्धा होते. रेंजर माझ्याकडे बघत होता.

"आपने दोबारा बुलाया?"

मी नाही म्हणून मान हलवली.

त्याने शिट्टी तोंडाला लावली आणि लांब वाजवली. दोघे परत फिरले. का परत बोलावलं ते त्याने सांगितलं नाही. एका नाकेदाराने विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, की उधर सब मिलके नहीं जाएँगे, पहले इधर का पूरा करो. पण त्याने टोपी काढून परत घातली, आणि तसं त्याने आधी केलं नव्हतं.

तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं ते आधी यायला हवं होतं, पण सकाळपासून सासूबाईंचं बोलणं आठवायला वेळच झाला नव्हता. त्या अमरावतीकडच्या, मेळघाटच्या पायथ्याच्या गावातल्या. त्यांच्याकडे रानाचे नियम असत आणि मी सून म्हणून घरात आल्यावर मला ते ऐकवले गेले होते. रानात पहिल्या हाकेला ओ द्यायचा नाही. चकवा हाक मारतो आणि वाट चुकवून नेतो. परक्याची हाक आली तर ती एकवेळ खरी. घरच्या माणसाच्या आवाजात आली तर खोटीच समजायची, कारण घरचं माणूस रानात येईल कशाला? चकवा लागला असं वाटलं की पदर उलट्या खांद्यावर घ्यायचा आणि बसून राहायचं. कितीही बोलावलं तरी उठायचं नाही.

म्हणजे नाकेदारांच्या हाकेला त्या टोपलीच्या भीतीने ओ देणार नव्हत्या आणि माझ्या हाकेला चकव्याच्या. आणि मी सकाळपासून त्यांना बोलावत होते. जितकी जास्त बोलावीन तितक्या त्या गप्प बसणार होत्या.

हे सगळं मी रेंजरला मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. कान्ह्याकडच्या बैगा आदिवासींमध्येही असंच काही मानतात, असं काहीतरी पुटपुटला.

"तो फिर क्या सुनके आएँगी?"

लांबवर कारखान्याचा भोंगा झाला. जेवणाची सुट्टी सुरू झाल्याचा. दुसरा झाला की निशाण चढणार होतं.

मी विचार केला. चकव्याबद्दल सासूबाई आणखी एक सांगत. चकवा गोड बोलतो. चल, घरी चल, दमली असशील, तहान लागली असेल, असं. माणसाला न्यायचं असतं ना त्याला. तो कधी भांडत नाही.

मी शिळेवर चढले. लुगड्याचा काचा मारलेला होताच. वर उभी राहिले आणि नाल्याकडे पाठ करून, हाक न मारता, आमच्या स्वयंपाकघरात बोलते त्या आवाजात बोलायला लागले. म्हटलं, मी आज खळ केली. घट्ट पाहिजे होती म्हणून जाड बुडाचं भांडं घेतलं. तुमचं पुरणाचं पातेलं घेतलं. मोरचूदही त्यातच घातलं. चुलीवर ठेवून तशीच निघून आले, आता बुडाला लागली असेल, करपली असेल, आणि ती काही निघायची नाही, कारण तुम्ही कल्हई करून घ्या म्हटलं की ऐकत नाही.

खाली नाकेदार मान वर करून बघत होते. त्यांना मराठी येत नव्हतं. एकाने दुसऱ्याला विचारलं असावं, बाईला काय झालं.

मी पुढे बोलत राहिले. म्हटलं, पातेल्याचं काय घेऊन बसलात, तसंही यंदा होळीला पुरण होणार नाही, हरभऱ्याची डाळ बघा कुठे मिळते ती.

माझ्या पायाखालून आवाज आला. अगदी पायाखालून, दोन शिळांच्या सांदीतून.

"काहून?" तो आवाज म्हणाला. "माह्या पातेल्यात काहून शिजवली?"

त्या तिथेच होत्या. आम्ही सकाळपासून दोनदा तिथून गेलो होतो. शिळांच्या मध्ये एक खोबणी होती, बाहेरून दिसत नव्हती, आणि त्यात त्या गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या, पदर उजव्या खांद्यावर, टोपली मांडीवर. डावा पाय घोट्याशी सुजून भोपळ्याएवढा झाला होता. मी वाकून बघितलं तेव्हा त्यांनी आधी माझे पाय बघितले. सरळ आहेत की उलटे ते. मग वर बघितलं.

"सगळीच करपली?"

मी म्हटलं, बघावं लागेल.

रेंजरने एका नाकेदाराला सायकलकडे पळवलं, सापडल्याचं चौकीवर सांगायला. म्हणजे पलीकडे कोणी नाही, तुम्ही तुमचं काम करा. मग त्याने स्वतः खोबणीत उतरून सासूबाईंचा पाय दोन पळसाच्या काटक्यांमध्ये बांधला, माझ्या पदराची पट्टी फाडून. न विचारता फाडली. दोन बांबू आणि दोन खाकी सदऱ्यांची डोली केली, बांबू सदऱ्यांच्या बाह्यांतून घालून. हे काम त्याने इतक्यांदा केलेलं होतं की हातांकडे बघावंसुद्धा लागत नव्हतं. सासूबाई दोन्ही हातांनी टोपली धरून होत्या. त्याने टोपली घेतली नाही, त्यांच्या पोटावर ठेवून दिली. त्यावर त्यांनी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

आम्ही अर्ध्या वाटेवर होतो तेव्हा दुसरा भोंगा झाला. थोड्या वेळाने नाल्यापलीकडे पहिला गोळा पडला. आवाज नंतर आला, आधी जमीन पायातून हलली. सागाच्या पानांवरचं सगळं पाणी एकदम खाली पडलं. डोली धरलेले चौघे थांबले नाहीत. मी डोलीच्या बाजूने चालत होते, आणि तेव्हा सासूबाई माझ्याकडे न बघता बोलल्या.

"सकाळपासून तू नाल्याकडून बोलावून राहिली होती."

मी म्हटलं, सकाळी मी चुलीपाशी होते. भाभी आल्यावर निघाले.

"ते ठाऊक हाय मले. म्हणून तं गेली नाही." दुसरा गोळा पडला. "पाय मुरगळला तवा बोलावलं. मंग मी या बिळात सरकली, तरी बोलावून राहिली. घरी चला म्हणे. आवाज तुहाच होता. पण गोड होता."

पुढचा नाकेदार, ज्याला मराठी येत नव्हतं, त्याने विचारलं, अम्माजी क्या कह रही हैं? मी म्हटलं, पाय दुखतोय म्हणतात.

नाक्यापाशी रेंजरने सासूबाईंना चहा दिला, गूळ जास्त घालून, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की उद्यापासून तो त्या भागात तार नवी बांधून घेणार आहे, आवळ्यांसाठी आता तिकडे येऊ नका. मी म्हटलं, बरं. तो जाता जाता थांबला. नाल्याकडचा तो आवाज कोणाचा होता असं मी त्याला विचारीन, असं त्याला वाटलं असावं. मी विचारलं नाही. त्यालाही मला विचारायचं होतं बहुधा. त्यानेही विचारलं नाही. दोघांनाही कामं होती.

घरी खळ निखाऱ्यांवर खरोखरच करपली होती. बुडाला काळा थर, मोरचुदाने कडेला हिरवी रेघ. पातेल्यात चिंच आणि राख घालून ठेवलं. संध्याकाळी नवरा आला, आईचा पाय बघितला, हाड मोडलेलं नाही एवढी खात्री केली आणि विचारलं की रानाकडची खिडकी राहिली का. राहिली होती. त्या संध्याकाळी आम्ही दिवा न लावता जेवलो. सासूबाईंनी वरणभात खाल्ला आणि पातेल्याबद्दल त्या झोपेपर्यंत बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं आदल्या दिवसापेक्षा दाट होतं. मी मागच्या नळावर बादली भरत होते. नळापुढे करवंदीचं कुंपण आणि कुंपणापुढे रान. बादली निम्मी झाली असेल. कुंपणापलीकडून सासूबाईंनी मला हाक मारली. "पोरी," म्हणाल्या, "दमली असशील. इकडे ये."

माझं तोंड ओ द्यायला उघडलेलं होतं. ते मी मिटलं. सोळा वर्षांच्या संसारात त्या मला इतक्या मायेने कधी बोलल्या नव्हत्या.

बादली काठोकाठ भरू दिली. नळ घट्ट बंद केला, तो गळायचा. मग घरात आले. सासूबाई खाटेवर बांधलेला पाय उशीवर ठेवून घोरत होत्या. त्या जाग्या होईपर्यंत मी बादली हातात धरूनच उभी राहिले. डोळे उघडल्याबरोबर त्यांनी मला विचारलं की पातेलं निघालं का. मी सांगितलं, नाही निघालं.

"आता बाटलंच हाय," त्या म्हणाल्या, "तं त्यातच शिजव."

मी चूल पेटवली आणि त्याच पातेल्यात नवी खळ शिजवली, ढवळत, समोरून न हलता. गरम असतानाच काळा कागद घेतला आणि सगळ्यात आधी रानाकडची खिडकी बंद केली, चारी कोपरे नीट दाबून. बाहेर तेव्हा भर दिवस होता, उजेड झाकायची काही गरज नव्हती.